चूल घरी ठेवून तळ्याकाठी चला

दिवाळीची सुटी जवळ आली की लेकरांचा घोषा सुरू होतो, "यंदा कुठं जायचं?" आपल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते, मामाच्या गावाला. मामाचे गाव चांगलेच. पण तिथे गेल्यावरही लेकरांची आई चुलीपुढेच बसलेली असते. चूल तेवढी बदललेली असते.

आज या सदरात आम्ही सहलीविषयी लिहीत आहोत. कोणी म्हणेल, हातावर पोट असलेल्यांना हे खूळ कशाला? आमचे म्हणणे असे की, वर्षभर कष्टणाऱ्या माणसालाच विसाव्याची गरज अधिक असते. लग्नात, बारशात, नवसासायासात आपली माणसे कर्ज काढून खर्च करतात. आधी पैसे साठवून तीन दिवस डोंगर आणि पाणी पाहून येण्यात गैर काय आहे?

भोकरमधील आमच्या वस्तीतील चार घरांनी मिळून यंदा चिखलदऱ्याला जायचे ठरवले आहे. कोणी मोंढ्यात हमाली करतो, कोणी गवंडी आहे, कोणी शिवणकाम करते, कोणी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. लहानथोर मिळून सोळा माणसे होतात. हा बेत आखताना आमच्यापुढे जे प्रश्न आले आणि त्यांची जी उत्तरे सापडली ती वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडतील, म्हणून येथे मांडत आहोत.

चाकांवरचे घर

अमेरिकेत सहलीची एक तऱ्हा आहे. एकाच मोठ्या गाडीत निजायला फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, संडास असे सगळे असते. त्या गाडीला तिकडे 'आरव्ही' म्हणतात. कुटुंब गाडीत बसते, एखाद्या डोंगरातल्या तळ्याकाठच्या सरकारी उद्यानात जाते, ठरवून दिलेल्या जागेवर गाडी उभी करते आणि चार दिवस तिथेच राहते. अशा गाड्यांना आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. परंतु तशी गाडी भाड्याने घेणे आपल्या खिशाला झेपणारे नाही, आणि सोळा माणसे तीत मावणारही नाहीत.

मग आपण काय करावे? त्या गाडीत असते काय, याचा विचार करावा. निजायची सोय, खाण्याची सोय, आणि पाणी-संडासाची सोय. या तीन सोयी आधी लावून ठेवल्या, तर साध्या भाड्याच्या गाडीनेही तशीच सहल होते. आपल्या लोकांना तर संसार गाडीत भरून निघण्याची सवयच आहे. नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना वाकळ, सतरंजी, स्टोव्ह, तेलमिठाच्या पुड्या, पिठाचा डबा, सगळे गाडीत असते. आमचा आग्रह एवढाच की, या सामानातील एक वस्तू यंदा घरी राहू द्या. ती म्हणजे चूल. मग ती स्टोव्हच्या रूपात असो, गॅसच्या शेगडीच्या रूपात असो, की कोळशाच्या घमेल्याच्या रूपात. असे का म्हणतो ते पुढे सांगतो.

तळ्याचे पाणी आणि आपण

त्याआधी थोडे मागे वळून पाहू. १९३४ साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना विनंती केली की, आपण सगळे मिळून प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाऊ. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्रवासाने अंग धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेले छोटे तळे होते. मंडळींपैकी काहींनी तिथे हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले. एवढ्यावरून तळे बाटवले म्हणून आरडाओरडा झाला. जमाव जमला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर. त्यासाठी हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

सात वर्षांपूर्वीच, १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झालेला होता. पुढे भारताच्या संविधानात कलम १५ आले. त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्यासोबत विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचाही उल्लेख आहे. जातीच्या कारणावरून तिथे कोणाला अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते.

आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला निघताना पीठ-मीठ आणि भांडी बांधून घेत, त्याला काटकसर हे कारण होतेच. पण वाटेत कोण वाढील, कोणती कपबशी पुढे करील, याची धास्तीही होती. ती धास्ती उराशी बाळगून चूल वाहून नेण्याचे आता कारण नाही. शिदोरी न्या, ती पैसे वाचवण्यासाठी आणि आवडीने. एक वेळ खानावळीत मांडी घालून, मागून-वाढून घेऊन जेवा. लेकरांनाही ते पाहू द्या.

गाडीत विस्तव नको

आता चुलीकडे येतो. २६ ऑगस्ट २०२३ रोजी तामिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खास डब्याला आग लागली. उत्तर प्रदेशातून तीर्थयात्रेला निघालेली मंडळी त्यात होती. डब्यात चोरून नेलेला गॅसचा सिलिंडर होता. पहाटेची वेळ होती. नऊ माणसे गेली. गाडी उभी होती तरी ही गत झाली. चालत्या टेम्पोत, वाकळांच्या ढिगाशेजारी सिलिंडर ठेवून निघणे म्हणजे काय, ते वाचकांनीच ठरवावे. स्टोव्ह आणि रॉकेलची बाटली यांचीही तीच कथा.

दुसरा धोका थंडीचा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच आहे. आपले नांदेड साडेतीनशे मीटरच्या आसपास. हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणजे आपल्याकडे स्वेटर घालावासा वाटेल त्या रात्री तिथे हुडहुडी भरणार. मग कोणीतरी खोलीत कोळशाची शेगडी आणतो, दारे-खिडक्या लावतो आणि सगळे निजतात. कोळसा अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळातील आठ पर्यटक असेच गेले. खोली बंद होती, आत गॅसचा हीटर होता. मृतांत मुलेही होती. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून निजण्यातही हाच धोका असतो. म्हणून शेगडी खोलीत नको, गाडीत नको, तंबूत नको. माणशी एक जास्तीची वाकळ न्या. कानटोपी आणि पायमोजे न्या. त्यांचा खर्च काही नाही.

बाईची सुटी

चूल घरी ठेवण्याचे तिसरे कारण आम्हांला सर्वांत मोठे वाटते. सहलीला गेलेल्या कुटुंबाचा फोटो पाहा. पुरुष पाण्यात उभे, लेकरे खडकावर, आणि मागे एका कोपऱ्यात दगड मांडून बाई भाकरी थापते आहे. तिने तळे पाहिलेच नाही. घरी परतल्यावर सगळे म्हणतात, मजा आली. ती म्हणते, पाठ धरली.

चूलच सोबत नसली, तर कोणी तिला "जरा चहा टाक" म्हणू शकत नाही. मात्र येथे एक फसगत होते, तीही सांगितली पाहिजे. चूल घरी ठेवायची म्हणजे आदल्या रात्री जागून बाईने तीन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायचा, असा अर्थ कोणी काढू नये. आमच्या चार घरांनी कामे वाटून घेतली आहेत. एका घराने धपाटे करायचे, दुसऱ्याने दशम्या, तिसऱ्याने चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू, चौथ्याने कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी. शेंगदाणे भाजणे, सोलणे, चटणी कुटणे, डबे भरणे ही कामे पुरुषांची. दशमीचे पीठ दुधात मळलेले असल्याने ती मऊ राहते आणि थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. धपाटेही तसेच. ते गरम असताना डब्यात कोंडू नयेत, गार करून फडक्यात गुंडाळावेत, नाहीतर वाफेने चिकट होतात. लोणचे न्यावे. दही किंवा ओली चटणी दूरच्या प्रवासाला नेऊ नये.

ही शिदोरी जातानाच्या दिवसाला आणि दुसऱ्या सकाळच्या न्याहारीला पुरवायची. त्यानंतर तिथल्या खानावळीत जेवायचे. परतीच्या वाटेवर चिवडा-लाडू आहेतच. ज्याने त्याने आपले ताट आपण धुवायचे. अंथरुणे घालणे-काढणे, पाण्याच्या कळश्या भरणे पुरुषांनी करायचे. हे सगळे निघण्याआधीच सर्वांसमक्ष ठरवावे. ऐनवेळी ठरवायला गेले की बाईच उठते.

मालगाडीत माणसे नकोत

सोळा माणसांना गाडी कोणती? आपल्याकडे झटकन उत्तर येते, ओळखीचा छोटा हत्ती आहे, पिकअप आहे, डिझेल टाकले की झाले. लग्नाच्या वरातीला, देवदर्शनाला, मयतीला अशा मालवाहू गाड्यांत माणसे दाटीवाटीने भरून जातात आणि वळणावर गाडी उलटल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशी गाडी स्वस्त पडते असे वाटते. हिशेब पुरा मांडला तर ती सर्वांत महाग आहे.

माल वाहून नेण्याच्या गाडीचा विमा मालापुरता आणि कायद्याने सांगितलेल्या माणसांपुरता असतो. २००२ साली आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मालवाहू गाडीत सहज म्हणून बसवून नेलेल्या प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. आपल्या मालासोबत बसलेला मालधनी किंवा त्याचा माणूस यांची गोष्ट वेगळी. म्हणजे अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाकडून मागायची. एका टेम्पोवर पोट भरणारा माणूस कुठून देणार? घरातला कमावता गेला, पैही मिळाली नाही, आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे तेवढे उरले, अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ नये.

तेव्हा पिवळ्या पाटीची, प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली गाडीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नये, तिच्याही विम्याचा असाच घोटाळा होतो. ठरवण्याआधी परवाना, फिटनेस, विमा आणि ड्रायव्हरचे लायसन्स पाहावे, मुदती तपासाव्यात. गाडीत जितक्या सीट तितकीच माणसे बसवावीत. गाडीवाल्याने कागद दाखवायला कां-कूं केली, तर त्याला जयभीम करून दुसरी गाडी पाहावी. माणसे तीस-चाळीस असतील तर एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते, आगारात चौकशी करावी. दोन-तीन माणसांचेच कुटुंब असेल तर साधी एसटी बरी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागू झाले, त्यामुळे घरात बायका-मुली जास्त असतील तर खर्च बराच उतरतो.

गाडीचे भाडे ठरवताना चार गोष्टी विचाराव्यात. किलोमीटरला दर किती? दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार? ड्रायव्हरचा भत्ता किती? टोल, पार्किंग कोणाकडे? बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरण्याची रीत आहे. तीन दिवसांचे नऊशे होतात. भोकरहून चिखलदरा एका बाजूने साडेतीनशे ते चारशे किलोमीटर. म्हणजे मुक्कामाच्या दिवशी गाडी उभी राहिली तरी हिशेब फारसा बिघडत नाही. बोललेले सगळे वहीत लिहून घ्यावे.

वाट आणि वेळ

वाट अशी आहे: भोकर फाटा, वारंगा फाटा, कळमनुरी, हिंगोली, वाशिम, अकोला, अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि तिथून घाट चढून चिखलदरा. थांबे धरून दहा तास लागतील असे समजून निघावे. आम्ही पहाटे चारला निघणार आहोत. नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. घाट उजेडात चढला पाहिजे, म्हणून परतवाडा तीनच्या आत गाठायचे. उशीर झालाच तर परतवाड्याला मुक्काम करावा, अंधारात घाट चढण्याचा हट्ट करू नये. वरच्या जंगलातून जाणाऱ्या काही रस्त्यांवर रात्रीच्या वाहतुकीला बंधने असतात, त्याचीही आधी चौकशी करावी.

दीड-दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात. बायका-मुली मात्र पाणीच पीत नाहीत आणि पोटात दुखेपर्यंत दम धरतात. पेट्रोल पंपावर संडास आणि पिण्याचे पाणी असणे पंपवाल्यांना बंधनकारक आहे. तिथे हक्काने थांबावे. मोठ्या गावांत बसस्थानके आहेत. कुठे कुठे थांबायचे ते आधीच कागदावर लिहून ड्रायव्हरदादाजवळ द्यावे. पाळी आलेल्या मुलीने घरी राहायचे, असला विचारही मनात आणू नये. लागणाऱ्या वस्तू पिशवीत असाव्यात, एवढेच.

ड्रायव्हर हा आपला सोबती आहे. तो आपल्याच सतरंजीवर, आपल्याच पंगतीत जेवेल. रात्री त्याला गाडीत मुरगळून निजायला न लावता नीट अंथरूण द्यावे. त्याच्या झोपेवर आपल्या लेकरांचा जीव असतो. घाटात ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचे, हा जुना नियम त्याला ठाऊक असेलच. सतत ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. "चल भाऊ, जोरात घे" असे पोरांनी मागून ओरडू नये.

दारूविषयी एकच वाक्य. पंचशीलातले पाचवे शील गाडीतही लागू आहे आणि तळ्याकाठीही.

घाटात ज्यांना मळमळते त्यांनी पुढच्या सीटवर बसावे आणि दूरच्या डोंगराकडे पाहावे. उपाशी बसू नये, तुडुंब जेवूनही बसू नये. आल्याचा तुकडा, मीठ-साखरेची पुडी, म्हाताऱ्यांच्या रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलीस. जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून हे क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता कागदावरही असू द्या.

वर गेल्यावर

चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत आहे. महाराष्ट्रात कॉफीची लागवड होते ती येथे. भोवती मेळघाटचे जंगल. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. वाघ, अस्वल, गवे यांचे ते घर. म्हणून मोकळी जागा दिसली की तंबू ठोकला, असे येथे चालत नाही. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, खाजगी लॉज आहेत, तंबू लावून देणारेही आहेत. आम्ही दोन मोठ्या खोल्या पाहत आहोत, बायकांना एक आणि पुरुषांना एक. दिवाळीच्या चार दिवसांत दर चढतात. भाऊबीज झाल्यावर, शनिवार-रविवार टाळून जावे. शाळेची सुटी तेव्हाही असते. सोयाबीनची रास झालेली असते, कापसाच्या वेचणीची घाई पुढे असते. मजुरी करणाऱ्या घराला तीन दिवस काढता येतील तर तेव्हाच.

मधला दिवस पुरा आपला. येथे लोक एक चूक करतात. गाडीवाला सकाळी आठ 'पॉइंट' सांगतो, आणि दिवसभर गाडीत चढणे-उतरणे एवढेच हाती लागते. आम्ही तीनच ठिकाणे धरली आहेत. सकाळी गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. गडावर जुनी तळी आहेत. थोरल्या लेकरांना इतिहासाच्या पुस्तकातील धडा तिथे डोळ्यांनी पाहता येईल. मग पंचबोल पॉइंट. दरीत हाक मारली की डोंगर ती परत देतात. आपल्या चिल्ल्यापिल्ल्यांना याहून दुसरे काय हवे? आणि दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत शक्कर तलाव. तिथे सतरंजी अंथरायची आणि कोणी कोणाला काही काम सांगायचे नाही.

तळ्यात पोहायला उतरू नये. विहिरीत पोहणारी आपली पोरे धीट असतात. पण अनोळखी तळ्याचा तळ दिसत नाही. काठाशी गाळ असतो, आत एकदम खोली लागते. भीमकुंडासारख्या खोल जागी कठड्याच्या आतूनच पाहावे. नावेत बसायचे तर जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. ते नसेल तर बसू नये. दर चार लेकरांमागे एक मोठा माणूस नेमून द्यावा. "सगळ्यांचं लक्ष आहे" म्हणजे कोणाचेच नसते.

मेळघाट ही कोरकू आदिवासींची भूमी आहे. रस्त्यावर सीताफळे, पेरू किंवा रानमेवा विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. विचारल्याशिवाय कोणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत. आपल्याकडे कोणी तमाशा पाहावा तसे पाहिले तर कसे वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि चिवड्याच्या पिशव्या, बाटल्या, पत्रावळी तिथे टाकू नयेत. एक रिकामे पोते सोबत नेऊन सगळा कचरा त्यात भरून आणावा. उष्ट्यावर वानरे येतात आणि पुढच्या माणसांच्या अंगावर धावतात.

पैशाची वही

शेवटी पैसा. आम्ही चैत्रापासून वही घातली आहे. दर आठवड्याला घरटी तीनशे रुपये. चार घरांचे बाराशे होतात आणि चोवीस आठवड्यांत अठ्ठावीस हजार आठशे. त्यातून गाडी, खोल्या, दोन वेळचे खानावळीचे जेवण भागवायचे. ज्या आठवड्यात काम मिळाले नाही त्या आठवड्यात कोणी पैसे दिले नाहीत तरी विचारायचे नाही, पुढे भरून द्यायचे. वही दोघींच्या हातात आहे, एकीने लिहायची आणि दुसरीने पैसे ठेवायचे.

या वहीत एक ओळ आम्ही मुद्दाम घातली, ती तुम्हीही घाला. तीन दिवस बुडणाऱ्या मजुरीची. पुरुषाची मजुरी बुडते हे सर्वांना दिसते. बाईची मजुरी मात्र कोणी धरतच नाही, जणू ती रिकामीच होती. दोघांचीही मांडा. पाऊस-पाण्याने, आजाराने ती वर्षातून कितीदा बुडते, तेव्हा आपण काही करू शकत नाही. हे तीन दिवस आपण आपल्या खुशीने घेतो आहोत. त्यांची किंमत ठाऊक असू द्या, म्हणजे ते भांडणात आणि चुलीपुढे वाया जाणार नाहीत.

आणखी एक. निघताना घर राखायला आजीला मागे ठेवण्याची रीत आहे. शेजाऱ्याला किल्ली द्या, दागिना असेल तर बहिणीकडे ठेवा, आणि आजीला खिडकीजवळची सीट द्या. तिच्या तरुणपणी तिला कोणी तळ्याकाठी बसू दिले नव्हते.

वाचकांनी या आठवड्यात आपल्या वस्तीत बसून चार गोष्टी ठरवाव्यात. किती घरे, कोणती गाडी, पैसे कोणाच्या हाती, आणि ताटे कोण धुणार. चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधी घ्या, बाकीचे सोपे आहे.

जयभीम.